श्वानरथांतील रथसप्तमी

आमच्या पिढीच्या शाळामास्तरास परदेश म्हणजे भिंतीवरचा नकाशा. पस्तीस वर्षें आम्हीं संस्कृत आणि भूगोल हे दोन विषय शिकविले; आणि दरवर्षीं छडीचें टोंक युरोपच्या नकाशाच्या अगदीं वरच्या कडेस टेकवून, "हा नॉर्वे, हे त्याचे फियोर्ड, येथें उन्हाळ्यांत मध्यरात्रीं सूर्य दिसतो," असें मुलांकडून घोकून घेतलें. त्या कडेशीं आपण स्वतः कधीं उभे राहूं, हें मात्र स्वप्नांतहि आलें नव्हतें. तो योग चिरंजीवांमुळें आला. ते गेलीं सहा वर्षें उत्तर नॉर्वेंतील ट्रोम्सो ह्या शहरीं विद्यापीठांत नोकरीस आहेत. त्यांच्या फार आग्रहावरून आम्ही उभयतां ऐन हिंवाळ्यांत तेथें जाऊन आलों. त्या मुक्कामांतील एका दिवसाची हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

ट्रोम्सो शहर एका बेटावर वसलेलें आहे. उत्तर अक्षांश जवळजवळ ७०. म्हणजे आर्क्टिक वर्तुळाच्याहि उत्तरेस सुमारें साडेतीनशें किलोमीटर. इतकें उत्तरेस असूनहि अटलांटिक महासागरांतून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळें तेथील बंदर हिंवाळ्यांत गोठत नाहीं. मात्र नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाहीं. पुढें तो आला तरी दक्षिणेकडील डोंगर त्यास आणखी कांहीं दिवस झांकून ठेवितात, आणि २१ जानेवारीच्या सुमारास त्याचें पहिलें दर्शन शहरास घडतें. त्या दिवसाला तेथें सूर्यदिन म्हणतात. मुलें बाहेर येऊन सूर्याची वाट पाहतात व घरोघर गोड, गोल पाव खातात. रथसप्तमीस आपल्याकडे अंगणांत गोवऱ्यांवर दूध उतूं घालतात, त्याची आम्हांस सहजच आठवण झाली. योग असा कीं, त्या वर्षीं रथसप्तमी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत आली होती, आणि चिरंजीवांनीं सुटी काढून नेमका तोच दिवस सहलीसाठीं ठरविला होता.

"अण्णा, आज रथसप्तमी. इथं रथ आहे, पण घोडे नाहींत. कुत्र्यांच्या गाडींतून जायचं का?" असें त्यांनीं आदल्या रात्रीं जेवतांना विचारलें. बोलण्यांत विनोदाखेरीज कांहीं नव्हतें. तरीहि आमचा घांस क्षणभर हातांत राहिला. त्याचें कारण समजण्यासाठीं एक जुनी गोष्ट सांगणें भाग आहे.

सुमारें तीस वर्षांपूर्वींची ती गोष्ट. आम्ही तेव्हां कृष्णाकांठच्या आमच्या गांवीं एकत्र कुटुंबांत राहत होतों. मातुःश्री हयात होत्या, दोघे भाऊ व त्यांचे संसार एकाच चुलीवर होते. पानावर चौदा माणसें असत. मातुःश्रींचें सोंवळें कडक. अशा घरांत एका आषाढांत, चिरंजीव नऊ वर्षांचे असतांना, शाळेच्या भिंतीशीं भिजत पडलेलें एक कुत्र्याचें पिल्लूं सदऱ्यांत लपवून घेऊन आले आणि जिन्याखालीं गोणपाटावर त्यांनीं तें ठेवलें. दोन दिवस कोणास पत्ता लागला नाहीं. तिसऱ्या दिवशीं तें केकाटलें. आम्हीं मातुःश्रींच्या सोंवळ्याचें कारण सांगून गड्याकरवीं तें पिल्लूं पुलापलीकडे सोडून देवविलें.

दुर्दैव असें कीं, त्याच आठवड्यांत आम्ही वर्गांत महाभारतांतील महाप्रस्थानिक पर्वाची कथा सांगत होतों. इंद्र रथ घेऊन आला असतां, आपल्यामागें हिमालयापर्यंत चालत आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गास येणार नाहीं, असें सांगणारा धर्मराज आम्हीं मोठ्या रसाळपणें रंगविला होता. चिरंजीव त्याच वर्गांत होते. सायंकाळीं घरीं ते एवढेंच म्हणाले, "अण्णा, धर्मराजानं तर नाहीं सोडलं." आम्हीं उत्तर दिलें, "गोष्ट निराळी आणि व्यवहार निराळा," आणि खुंटीवरच्या छडीकडे पाहिलें. त्यानंतर त्यांनीं तो विषय पुन्हा काढला नाहीं. कुत्र्याच्या गाडीचें नांव निघतांच आम्हांस आठवलें तें हें.

"जाऊं या कीं," आम्ही म्हणालों.

सकाळीं स्नान करून खिडकीशीं बसलों. आठ वाजतां आकाश गुलाबी झालेलें होतें. साडेआठ झाले, नऊ झाले, तरी गुलाबी तें गुलाबीच. सूर्याचा पत्ता नाहीं. लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालीं प्रसिद्ध केलेल्या "दि आर्क्टिक होम इन दि वेदाज" ह्या ग्रंथांत ऋग्वेदांतील दीर्घ उषा ही ध्रुवप्रदेशांतील पहाट होय असें प्रतिपादिलें आहे. आजचे विद्वान तें मत स्वीकारीत नाहींत, आणि आम्हीहि वर्गांत तें एक मत म्हणूनच सांगत आलों. परंतु ज्या पुरुषानें हा प्रदेश कधीं डोळ्यांनीं पाहिला नव्हता, त्यानें केवळ ग्रंथांवरून ही पहाट मनांत उभी केली, ह्या विचारानें आम्ही त्या खिडकींतूनच हात जोडले.

साडेनवास बंदराजवळून मोटार निघाली. बंदराशीं रोआल्ड अमुंडसेन ह्या प्रसिद्ध नॉर्वेजियन प्रवाशाचा पुतळा आहे. १९२८ सालच्या जूनमध्यें, बर्फांत अडकलेल्या नोबिले ह्या इटालियन वैमानिकाच्या शोधासाठीं अमुंडसेन ह्याच ट्रोम्सोहून विमानानें निघाला आणि परत आला नाहीं. आमचा दहा वर्षांचा नातू तेथील शाळेंत शिकतो. त्यास अमुंडसेनचें चरित्र तोंडपाठ. त्याच्याकडून समजलें कीं, १९०३ ते १९०६ ह्या सफरींत अमुंडसेननें उत्तर कॅनडांतील नेत्सिलिक लोकांच्या शेजारीं दोन हिंवाळे काढून त्यांच्यापासून कातड्याचा वेष व कुत्र्यांची गाडी ह्या दोन विद्या शिकून घेतल्या, आणि त्यांच्याच बळावर १४ डिसेंबर १९११ रोजीं तो सर्वांच्या आधीं दक्षिण ध्रुवावर पोंचला. इंग्रज कॅप्टन स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजीं तेथें गेला. त्याच्या तुकडीनें अखेरच्या मजला स्वतःच गाडी ओढून काटल्या, आणि परतींत पांचहि जण मृत्युमुखीं पडले.

"आणि अमुंडसेनचीं कुत्रीं?" आमच्या कुटुंबानें विचारलें.

नातू जरा घुटमळला. निघतांना ५२ होतीं, परत आलीं ११. बाकीच्यांपैकीं पुष्कळशीं वाटेंत ठरवून मारलीं व माणसांनीं आणि उरलेल्या कुत्र्यांनीं तीं खाल्लीं. पाठ्यपुस्तकांत ध्रुव जिंकल्याचें वर्ष असतें. हा आंकडा आम्हीं कधीं शिकविला नव्हता. गाडींत थोडा वेळ कोणी बोललें नाहीं.

पूल ओलांडून मोटार शेजारच्या क्वालोया नांवाच्या मोठ्या बेटावर आली. डोंगरांच्या कुशींत बर्फानें झांकलेलें एक सपाट रान, आणि त्यांत लांकडाचीं शंभरावर लहान खुराडीं. प्रत्येकापुढें एक कुत्रा सांखळीनें बांधलेला. पाहतांच मनास बरें वाटलें नाहीं. अशा रीतीनें कुत्रीं बांधून ठेवावीं कीं नाहीं, ह्याबद्दल त्या देशांतहि वाद आहे, आणि शर्यतींत फार दूर पळविल्यानें मेलेल्या कुत्र्यांबद्दलहि लोक बोलतात. आमच्या बरोबर आलेली त्या ठिकाणची मुलगी, वय तेवीस-चोवीस, हें सर्व स्वतःहून सांगूं लागली. तिच्या मतें कुत्र्याची खरी परीक्षा सांखळीपाशीं होत नाहीं, जुंपतांना होते. "थोडं थांबा, मग सांगा," ती म्हणाली.

प्रथम आम्हांस कपडे चढविण्यांत आले. आंत लोकर, वर लोकर, त्यावर डोक्यापासून घोट्यापर्यंत एकच जाड अंगरखा आणि गुडघ्यापर्यंत बूट. साडीवर तो अंगरखा कांहीं केल्या चढेना. शेवटीं आमच्या कुटुंबानें सूनबाईंच्या लोकरी विजारी चढविल्या, आणि आरशांत पाहून त्या इतक्या हंसल्या कीं त्यांना खालीं बसावें लागलें. थंडी उणे नऊ अंश होती. आम्हांस ती फार वाटली. कुत्र्यांस ती बरी. त्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आंतला मऊ व दाट, बाहेरचा राठ. उणे दहा-पंधरा हें त्यांचें सुखाचें हवामान. शून्याच्या वर गेलें कीं पळतांना त्यांना उकडतें. रात्रीं तीं बर्फावरच वेटोळें करून, शेंपूट नाकावर घेऊन निजतात.

हस्की म्हटलें म्हणजे लांडग्यासारखा, निळ्या डोळ्यांचा, झुबकेदार कुत्रा आपल्या डोळ्यांपुढें येतो. तो सैबेरियन हस्की. ईशान्य सैबेरियांतील चुक्ची लोकांनीं जोपासलेल्या कुत्र्यांचा वंशज. परंतु येथें बहुतेक कुत्रीं अलास्कन हस्की होतीं. तीं शुद्ध एका जातीचीं नसून रूपाकडे न पाहतां वेग, दम व स्वभाव पाहून संकर केलेलीं. अंगानें सडसडीत, वजन फार तर वीस-पंचवीस किलो, रंग हवा तो. गाडीस कुत्रीं जुंपण्याची चाल मात्र फार पुरातन. सैबेरियाच्या उत्तरेस झोखोव नांवाचें बेट आहे. तेथें सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींचे कुत्र्यांचे व घसरगाड्यांचे अवशेष सांपडले आहेत. म्हणजे घोडा गाडीला जुंपण्याच्या कितीतरी आधीं कुत्रा जुंपला गेला.

आतां जुंपणें सुरू झालें. गाडी म्हणजे लांकडाची हलकी घसरगाडी. खालीं चाकांऐवजीं दोन लांब पट्ट्या. पुढें एक बसतो. मागें पट्ट्यांवर दोन पाय ठेवून दुसरा उभा राहतो, तो सारथी. गाडीपासून एक लांब दोर पुढें जातो व त्याच्या दोहों बाजूंस कुत्रीं बांधतात. आमच्या गाडीस सहा होतीं. गाडीजवळचीं दोन सर्वांत बळकट. त्यांच्यावर जड ओढ पडते. मधलीं दोन तरुण. अगदीं पुढचीं दोन मात्र बळासाठीं निवडलेलीं नसतात. तीं ऐकतात म्हणून पुढें असतात. नवें कुत्रें एखाद्या जुन्या, शहाण्या कुत्र्याच्या शेजारीं जुंपलें म्हणजे त्याचें बरेंचसें शिक्षण आपोआप होतें, असेंहि त्या मुलीनें सांगितलें.

साज बाहेर काढलेला दिसतांच त्या रानांत जो आक्रोश उठला तो वर्णन करणें कठीण आहे. शंभर कुत्रीं एकदम भुंकत, केंकाटत, उभीं राहून सांखळीला हिसके देत होतीं. जणूं प्रत्येक जण "मला न्या, मला न्या" म्हणत होतें. जुंपलेलीं तर वेडींपिशीं झालीं. चारी पाय उचलून हवेंत उड्या मारीत, दोर चावीत. लोखंडी आंकडा बर्फांत खोल रोंवून गाडी अडकविली नसती तर ती तशीच पळाली असती. आम्हीं बैलगाडी, टांगा, शाळा असें बरेंच कांहीं चालतांना पाहिलें. परंतु जुंपून घेण्यासाठीं रडणारे प्राणी प्रथमच पाहिले.

मग नियम सांगण्यांत आले. पायाखालीं ब्रेक आहे. दाबला कीं त्याचे दांते बर्फांत रुततात. उतारावर दाबा, चढावर एका पायानें रेटून कुत्र्यांस मदत करा, वळणावर अंग आंतल्या बाजूस झुकवा. आणि कांहींहि झालें तरी, पडलांत तरी, दांडा सोडूं नका. कारण कुत्रीं तुमच्यासाठीं थांबत नाहींत.

"लगाम कुठं आहे?" आम्हीं विचारलें.

"लगाम नसतो."

"आणि चाबूक?"

ती मुलगी हंसली. "आजोबा, दोर मागून ढकलतां येतो का? ज्याला धांवायचं नाहीं त्याला धांववायची युक्ति माझ्यापाशीं नाहीं. माझ्यापाशीं आवाज आहे आणि ब्रेक आहे." उजवीकडे वळण्यासाठीं "जी" व डावीकडे "हॉ" असे अलास्कांतील सारथ्यांचे दोन शब्द आहेत, तेच ती वापरीत होती. एवढ्या दोन शब्दांवर सहा कुत्र्यांचा रथ चालणार होता.

पुढें तिची गाडी. तींत आमचें कुटुंब ऐटींत बसलें. मागें आमची, सारथी चिरंजीव, बसलेले आम्ही. तिसरींत सूनबाई सारथी व नातू. आंकडा उपटला, आणि एक आश्चर्य घडलें. तो सारा कोलाहल चाकूनें कापावा तसा एका क्षणांत थांबला. भुंकणें नाहीं, केंकाटणें नाहीं. बर्फावर पट्ट्यांचा सूं सूं आवाज, चोवीस पायांचा मऊ नाद आणि श्वास. ज्यासाठीं ओरड होती तें मिळाल्यावर ओरडण्याचें कारणच उरलें नव्हतें.

वेग ताशीं पंधरा किलोमीटरच्या आसपास असेल; परंतु जमिनीपासून एक हात उंचीवर बसलें असतां तो पुष्कळ वाटतो. दोहों बाजूंस खुरटीं भूर्जाचीं झाडें, पलीकडे निळसर डोंगर, खालीं काळें न गोठलेलें पाणी. धांवतांधांवतांच कुत्रीं तोंड वळवून बर्फ खात. आणि इतर विधीहि धांवतांधांवतांच उरकीत. त्याचा प्रसाद मागें बसलेल्यास थोडाफार लाभतो, हें जाणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें. बारा वाजण्याच्या सुमारास डोंगराच्या खांचेंतून सूर्य वर आला. क्षितिजापासून जेमतेम चार अंश. तांबूस, थंड, डोळ्यांनीं सरळ पाहतां येईल असा. त्या दिवशीं तो पांच तासांच्या आंतबाहेरच आकाशांत राहणार होता. आम्हीं बसल्या जागीं हात जोडले. त्याच्या रथास सात घोडे, आमच्या रथास सहा कुत्रीं; फरक फार नव्हता.

अर्ध्या वाटेवर विसावा घेतला. तेथें त्या मुलीनें एक गोष्ट सांगितली. येथून जवळच, लिंगेन फियोर्डच्या कांठीं स्किबोत्न नांवाचें गांव आहे. तेथें १८७७ सालीं लिओनार्ड सेप्पाला जन्मला. तो पुढें सोन्याच्या शोधांत अलास्कास गेला व कुत्र्यांचा विख्यात सारथी झाला. १९२५ सालच्या जानेवारींत तेथील नोम ह्या एकाकी गांवीं घटसर्पाची सांथ उठली. मुलें दगावूं लागलीं. प्रतिविष आगगाडीनें नेनानापर्यंत आलें. पुढें सुमारें १,०८५ किलोमीटर नुसतें बर्फ. वीस सारथ्यांनीं टप्प्याटप्प्यानें, दीडशेंच्या आसपास कुत्र्यांच्या बळावर तें प्रतिविष साडेपांच दिवसांत पोंचविलें. २ फेब्रुवारीच्या पहांटे तें नोमला आलें. शेवटचा टप्पा बाल्टो नांवाच्या कुत्र्याच्या गाडीनें केला, म्हणून त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें बाल्टोचा पुतळा उभा राहिला. परंतु सर्वांत लांब व धोक्याचा टप्पा सेप्पालाचा होता, आणि त्याच्या गाडीच्या अग्रभागीं होता बारा वर्षांचा म्हातारा टोगो.

"हा टोगो लहानपणीं रोगट आणि खोडकर होता," ती म्हणाली. "सेप्पालानं त्याला निरुपयोगी म्हणून दुसऱ्याच्या घरीं देऊन टाकलं. तर तो खिडकीची कांच फोडून, कांहीं मैल धांवत परत आला. मग सेप्पालानं त्याला ठेवून घेतलं."

आमच्यानें चिरंजीवांकडे पाहवेना. ते वांकून पुढच्या कुत्र्याच्या पंजाला चिकटलेलें बर्फ काढीत होते.

परतींत जागा बदलायच्या होत्या. "अण्णा, आतां तुम्ही हांका," चिरंजीव म्हणाले आणि पुढें जाऊन बसले. आम्हीं मागच्या पट्ट्यांवर पाय ठेवले. आयुष्यभर आम्ही घराच्या व वर्गाच्या पाठीशीं असेच उभे होतों. परंतु हातांत कांहीं तरी असे. येथें हातांत फक्त दांडा, आणि तोहि स्वतःस सांवरण्यासाठीं. ब्रेकवरचा पाय उचलतांच सहाहि जण निघालीं. आम्ही सारथ्य करीत होतों असें म्हणणें धाडसाचें होईल. आम्ही त्यांच्याबरोबर जात होतों. एका वळणावर अंग झुकवायचें आम्ही विसरलों, आणि दुसऱ्या क्षणीं बर्फांत उताणे पडलों. दांडा सुटला होता.

कुत्रीं थांबलीं नाहींत. चिरंजीवांस घेऊन रथ सरळ पुढें गेला व पुढची गाडी थांबलेली दिसली तेव्हांच उभा राहिला. साठ-सत्तर पावलांचें अंतर असेल. परंतु गुडघाभर बर्फांत तें चालावयास पांच मिनिटें लागलीं. आम्ही जवळ पोंचलों तेव्हां पुढच्या जोडींतली एक करड्या रंगाची कुत्री मान वळवून आमच्याकडे पाहत होती. त्या दृष्टींत राग नव्हता, दयाहि नव्हती, "आलांत ना? चला तर मग," एवढेंच होतें. चिरंजीवांनीं आमच्या पाठीवरचें बर्फ झटकलें.

परत आल्यावर सामी लोकांच्या पद्धतीच्या लाव्वू नांवाच्या तंबूंत, मधोमध पेटलेल्या विस्तवाभोंवतीं सर्व बसलों. सामी लोकांचा पिढीजात वाहक प्राणी रेनडियर. जेवण म्हणून त्याच्याच मांसाचा रस्सा देतात, त्यास बिडोस म्हणतात. आम्हां शाकाहाऱ्यांसाठीं भाजीचें सार होतें आणि शिवाय घरून आणलेल्या दशम्या व गुळाची पोळी. नातू सूनबाईंबरोबर पिल्लें पाहावयास गेला. तेव्हां आम्हीं विस्तवाकडे पाहत चिरंजीवांस म्हटलें, "तें पिल्लूं पुलापलीकडे सोडावयास नको होतें."

ते क्षणभर गप्प बसले. मग आश्चर्यानें म्हणाले, "मोत्या? अण्णा, तो तर पुढं नऊ वर्षं होता."

"कोठें?"

"पुलापलीकडच्या लांकडाच्या वखारींत. वखारवाल्यांनीं ठेवून घेतला. मी रोज शाळा सुटल्यावर जात असें."

"आणि त्यास खावयास?"

चिरंजीवांनीं आईकडे पाहिलें. आमचें कुटुंब विस्तवांत नसलेलें लांकूड सारखें करूं लागलें.

"आजी पोळी देत असे," ते म्हणाले. "रोज फडक्यांत बांधून देवघराच्या खिडकींत ठेवायची. बाहेरच्या बाजूनं उचलायची, म्हणजे सोंवळ्याला धक्का नाहीं. काकूंनाहि ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं."

ज्या मातुःश्रींच्या सोंवळ्याच्या नांवानें आम्हीं तो हुकूम दिला, त्यांनींच नऊ वर्षें पोळी पुरविली. आणि चौदा माणसांच्या घरांत ही गोष्ट केवळ घराच्या सारथ्यास ठाऊक नव्हती. आमच्या कुटुंबास आम्हीं विचारलें, "मला कोणी सांगितलें कां नाहीं?" त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या हातांत छडी असायची ना. पण पिल्लूं जगलं, घरहि मोडलं नाहीं. मग सांगायचं काय?"

ह्यावर उत्तर नव्हतें. राग यावयास हवा होता, तो आला नाहीं. उलट फार दिवसांचें एक ओझें कोणीतरी आमच्या नकळत आधींच उतरवून ठेवलें होतें, असें वाटलें. लहान मुलाची माया, म्हाताऱ्या आईची युक्ति, जावांचें मौन; ह्या सर्वांनीं मिळून तो रथ नीट ओढला होता, आणि आम्ही मात्र तो आपण हांकतों ह्या समजुतींत मागें उभे होतों. बर्फांत पडल्यावर रथ थांबत नाहीं, हें त्या दिवशीं दुसऱ्यांदा कळलें.

निघण्यापूर्वीं कुत्र्यांचें जेवण पाहिलें. मांस व चरबी घातलेलें कढत पेज एकेकास वाढीत होते. लांब पल्ल्याच्या शर्यतींत अशा एका कुत्र्यास दिवसास १०,००० कॅलरींपर्यंत अन्न लागतें. म्हणजे आपणां चार-पांच माणसांचें जेवण. नऊ-दहा वर्षांचीं झालीं कीं त्यांना गाडीचें काम देत नाहींत. तशीं दोन म्हातारीं मोकळीं हिंडत होतीं व पिल्लांस अधूनमधून गुरकावून शिस्त लावीत होतीं. पेन्शनरांचा हा उद्योग आम्हांस चांगलाच परिचयाचा वाटला.

ती करड्या रंगाची कुत्री आतां खुराड्यापुढें पाय पसरून बसली होती. आम्ही जवळ गेलों, हातमोजा काढला, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस अपेक्षेपेक्षां मऊ होते. तिनें आमचा पंजा एकदां चाटला आणि डोळे मिटले. नातू ओरडला, "आजोबांनीं कुत्र्याला हात लावला!" चिरंजीव कांहीं बोलले नाहींत, पण ते शेजारीं येऊन उभे राहिले.

तीन वाजण्यापूर्वींच सूर्य डोंगराआड गेला होता. मोटारींत बसतांना आमचें कुटुंब हळूच म्हणालें, "घरीं गेल्यावर स्नान करायचं असेल ना? पाणी तापवायला सांगूं?"

रथसप्तमीचें स्नान सकाळीं झालें होतें. दुसरें आम्हीं केलें नाहीं.